ताटाचे छायाचित्र आणि पदार्थाचे नाव

छायाचित्रावरून आहाराची नोंद करणारी सोय पोषणविषयक ॲपांत आता रूढ होऊ लागली आहे. जेवावयास बसण्यापूर्वी ताटाचे छायाचित्र घ्यावे, यंत्राने त्यातील पदार्थ ओळखावेत, त्यांचे आकारमान अजमावावे आणि उष्मांक, प्रथिने व स्निग्धांश यांचे आकडे पडद्यावर मांडावेत, अशी तिची रचना असते. भाषेच्या अभ्यासकाने ह्या विषयात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर असे की, ही सोय पदार्थ तोलत नाही. ती प्रथम पदार्थाला नाव देते आणि त्या नावापुढे कोष्टकात जे आकडे असतील ते उचलते. नाव चुकले की पुढील सर्व गणित बिनचूक असूनही व्यर्थ जाते. आणि वस्तूला नाव कोण देतो, कोणत्या यादीतून देतो, ते नाव ऐकणाऱ्याला काय सांगते, हे प्रश्न तर आमच्याच शास्त्राचे आहेत. प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्यातील रोजचे ताट समोर ठेवून ह्या सोयीच्या रचनेचे परीक्षण करावयाचे आहे.

प्रथम यादीची कुळकथा पाहू. ह्या क्षेत्रात ज्या चित्रसंचाचा आधार वर्षानुवर्षे घेतला गेला तो 'फूड-१०१' नावाचा संच झुरिक येथील संशोधकांनी २०१४ मध्ये सिद्ध केला. त्यात १०१ पदार्थ असून प्रत्येकाची १,००० छायाचित्रे आहेत. हे पदार्थ निवडले गेले ते खाद्यपदार्थांची छायाचित्रे हौसेने प्रसिद्ध करणाऱ्या लोकांच्या आवडीवरून. आपल्याकडील म्हणता येईल असे त्यात समोसा आहे, कोंबडीचा रस्सा 'चिकन करी' ह्या नावाने आहे. भाकरी नाही, वरण नाही, पिठले नाही. अशा बंद यादीवर शिकविलेल्या यंत्रापुढे ज्वारीची भाकरी ठेवली तरी ते १०१ नावांपैकीच एक नाव उच्चारणार. 'हे मला ठाऊक नाही' असे म्हणण्याची सोय त्याला मुद्दाम करून दिल्यावाचून नसते. पुढल्याच वर्षी, २०१५ मध्ये, गूगलच्या संशोधकांनी छायाचित्रावरून उष्मांक काढण्याचा जो प्रयत्न प्रसिद्ध केला, त्याचा आरंभ याहून बोलका आहे. खाणारा कोणत्या उपाहारगृहात बसला आहे हे ओळखून तेथील पदार्थांच्या छापील पत्रकातूनच नाव निवडावे, अशी त्यातील पहिली पायरी होती. अन्न विकत घेतलेले आहे, त्याचे नाव छापलेले आहे आणि ते दररोज त्याच कृतीने होते, ही तीनही गृहीते त्या पायरीत आली. मेहकर किंवा सिंदखेडराजा तालुक्यातील एखाद्या घराच्या चुलीपुढे यांपैकी एकही टिकत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. अलीकडची यंत्रप्रतिमाने ठराविक यादीला बांधलेली नाहीत, ती कोणताही शब्द लिहू शकतात. आणि बंगळूरच्या हेल्दीफायमीने २०२३ मध्ये 'स्नॅप' नावाची जी सोय आणली ती तर भारतीय पदार्थांसाठीच आहे. हे दोन्ही खरे आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दर जेवणानंतर इंग्रजी अक्षरांत पदार्थांची नावे टंकित करीत बसणे हा जो जाच पूर्वी होता, तो छायाचित्राने पुष्कळ हलका केला. परंतु नाव कितीही मोकळेपणाने सुचविले तरी शेवटी ते पोषणमूल्यांच्या कोष्टकातील एखाद्या ओळीशी जुळवावेच लागते, आणि कोष्टक हे नेहमीच बंद असते. आपल्याकडील ह्या कोष्टकांची परंपरा जुनी आहे. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत ॲक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ती संस्था १९५८ मध्ये हैदराबादेस गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तिने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात ५२८ अन्नपदार्थ आहेत. ते बहुतांशी कच्चे आहेत: धान्ये, डाळी, भाज्या, फळे, मांस. म्हणजे कोष्टक दाण्याचे, छायाचित्र शिजलेल्या अन्नाचे. आणि ह्या दोहोंच्या मध्ये जो स्वयंपाक घडला त्याची माहिती दोन्हींत नाही. ती असते स्वयंपाक करणारीच्या शब्दांत.

आता बुलढाण्याच्या ताटाकडे वळू. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ फोडणीच्या पाण्यात शिजवून होणारा जो पदार्थ पुण्याकडे 'पिठले' म्हणून ओळखला जातो, त्याला वऱ्हाडात 'चून' म्हणतात, आणि पुष्कळ घरांत नुसते 'बेसन' असेही म्हणतात. 'चून' हा संस्कृत 'चूर्ण' शब्दाचा वंशज. हिंदीच्या बोलींत त्याचा अर्थ पीठ असाच राहिला. गोमंतकात चून म्हणजे गूळ घालून शिजविलेला नारळाचा कीस, जो पातोळ्यांत भरतात. एकाच शब्दाने एका टोकाला तिखट, दुसऱ्या टोकाला गोड आणि तिसरीकडे कोरडे पीठ असा प्रवास केला आहे. ज्या ॲपात नाव लिहून शोधावयाचे असते तेथे 'चून' लिहिणाऱ्या चिखलीच्या विद्यार्थ्याला काय हाती लागेल, हे कोश कोणी रचला यावर अवलंबून राहील. 'बेसन' लिहिणाऱ्याची अडचण अधिक फसवी आहे, कारण ते नाव कोष्टकात सापडते. मात्र तेथे ते कोरड्या पिठाचे नाव आहे. पिठात पाणी जवळजवळ नसते आणि वाटीभर शिजलेल्या बेसनात पाणीच अधिक असते. साधनाचे नाव सिद्ध पदार्थाला देण्याची ही लक्षणा बोलीत पूर्णपणे सुबोध आहे, कारण ऐकणारा समोर बसलेला असतो. कोष्टकाला लक्षणा कळत नाही. तेव्हा छायाचित्राविरुद्ध शब्दाची बाजू मांडताना, नुसता शब्दही पुरेसा नाही, हे आरंभीच मान्य करणे प्रामाणिकपणाचे होईल.

छायाचित्राची उणीव निराळ्या जातीची आहे. मलकापूर, नांदुरा, मोताळा हा जिल्ह्याचा पश्चिमोत्तर भाग भाषेने व जेवणानेही खानदेशाला लागून आहे. लेवा गणबोली ह्या भागातही बोलली जाते. तिकडे ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची, म्हणजे कळण्याची, भाकरी होते. नुसत्या ज्वारीच्या भाकरीहून तिचा रंग थोडा मळकट दिसतो. पण चुलीचा धूर, खोलीतील अंधुक प्रकाश आणि तव्याचे डाग यांतून तो फरक चित्रात उतरेलच असे नाही. पोषणाच्या दृष्टीने मात्र तो मोठा आहे: शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिने सुमारे १० ग्रॅम, तर उडदात २२ ते २३ ग्रॅम. याउलट ज्वारीच्या भाकरीला यंत्राने गव्हाची पोळी म्हटले, तर शुद्ध उष्मांकांच्या हिशेबात फारसे बिघडत नाही, कारण शंभर ग्रॅम ज्वारीचे ३३४ आणि कणकेचे ३२० असे ते आकडे आहेत. म्हणजे जी चूक डोळ्याला ठळक दिसते ती क्षुल्लक, आणि जी दिसतच नाही ती महत्त्वाची, असा प्रकार येथे वारंवार आढळतो. तेलाचे तेच. एका ग्रॅम तेलात ९ उष्मांक असतात; भाजीवर तरंगणारा तवंग चित्रात येतो, पण वांग्याच्या भरितात जिरलेले तेल येत नाही. शेगावची कचोरी घ्या. तिचे सारण आवरणाखाली झाकलेले असते, आणि जोधपूरच्या कांद्याच्या कचोरीहून ती वेगळी आहे हे सांगण्याचे काम 'शेगावची' हे विशेषण एका क्षणात करते.

'भाजी' ह्या शब्दाचा विचार तर स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. बाजारात असते ती भाजी, शेतात खुडली जाते ती पालेभाजी, कढईत शिजते ती भाजी आणि ताटात पातळ वा सुकी होऊन येते तीही भाजीच. मराठी बोलणारा हे चार अर्थ संदर्भाने वेगळे करतो. इंग्रजीतून ह्या सोयींची जी मराठी रूपे केली जातात, त्यांत बहुधा एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द दिला जातो, आणि मग 'भाजी' एका बाजूने फार रुंद व दुसऱ्या बाजूने फार अरुंद ठरते.

यापुढे जो मुद्दा मांडावयाचा आहे तो नामापेक्षा क्रियापदाचा आहे. मराठीत अन्न ताटात येते ते 'वाढण्या'ने. वाढणे ही पुनःपुन्हा होणारी क्रिया आहे. पहिले वाढप आणि जेवण यांत अंतर असते. आग्रहाने वाढलेले, मागून घेतलेले, नको म्हणून परत केलेले, पानात टाकलेले, ही सर्व मराठी जेवणाची व्याकरणिक रूपे आहेत असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. छायाचित्र मात्र पहिल्या वाढपाचे असते. त्यात ताट भरलेले दिसते. जेवण झालेले दिसत नाही. रचनाकारांना ह्या अडचणीची कल्पना नाही असे नाही. जेवणापूर्वी आणि जेवणानंतर अशी दोन चित्रे घ्यावीत, आकारमान कळावे म्हणून ताटाशेजारी चौकटींची रंगीत पट्टी ठेवावी, असे उपाय अमेरिकेतील संशोधकांनी योजलेले आहेत. त्यांनी पहिल्या व शेवटच्या क्षणांमधील फरक हाती येतो. मधले वाढप हुकतेच. शिवाय सोयाबीनच्या किंवा कपाशीच्या शेतात निंदणीला गेलेल्या बाईची शिदोरी फडक्यात बांधलेली असते आणि ती चौघींत वाटून खाल्ली जाते. तेथे 'माझे ताट' ही कल्पनाच लागू पडत नाही. ॲपात मात्र ठरीव जेवणांच्या चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत एका व्यक्तीचे एक ताट गृहीत धरलेले असते. घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले तव्यापाशीच खाऊन उठणाऱ्या गृहिणीच्या जेवणाचे छायाचित्र कोण काढणार? जिचे पोषण सर्वांत अधिक तपासण्याजोगे, तिचीच नोंद ह्या रचनेत सर्वांत विरळ राहण्याचा संभव आहे.

येथवरचे विवेचन शहरी हौसेच्या साधनाविषयी आहे, त्यात बुलढाण्याचे काय अडले, असे वाटणाऱ्यांसाठी जिल्ह्यातीलच एक अलीकडची घटना पुरेशी आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ ह्या काळात शेगाव परिसरातील १८ गावांत २७९ जणांचे केस अल्पावधीत गळून टक्कल पडल्याची नोंद झाली. पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्ताचे व धान्याचे नमुने तपासून घेतले आणि शिधावाटप दुकानातून आलेल्या, पंजाब-हरियाणाकडील गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. त्यांच्या नमुन्यात गव्हाच्या किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. ह्या अनुमानाची छाननी करणे हे वैद्यकाचे काम आहे. आपल्या प्रश्नापुरते एवढे पाहावे की, त्या गावांतील प्रत्येक घराने त्या महिन्यांत आपल्या जेवणाची छायाचित्रे नियमितपणे घेतली असती, तर त्या संग्रहात काय मिळाले असते? पोळी, पोळी आणि पोळी. घरच्या गव्हाची पोळी आणि रेशनच्या गव्हाची पोळी यांत कॅमेऱ्याला भेद नाही. बोलण्यात मात्र तो भेद आधीपासूनच आहे. 'रेशनचा गहू', 'घरचा गहू', 'विकतचा गहू' ही विशेषणे कोणी शिकवावी लागत नाहीत; दळण टाकताना ती रोज उच्चारली जातात. जी माहिती लोकांच्या तोंडी फुकट उपलब्ध आहे, ती टाकून देऊन जी यंत्राला कष्टाने मिळते तीच नोंदवावयाची, हा ह्या रचनेचा मूळ दोष होय.

ही सोय सरकारी पोषणयोजनांत येईल काय, हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १ मार्च २०२१ रोजी 'पोषण ट्रॅकर' सुरू केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. यंत्रे निकृष्ट आहेत ही एक तक्रार होती. ॲप इंग्रजीत आहे, मराठीत नाही, ही दुसरी. भाषाभ्यासकांनी ह्या दुसऱ्या तक्रारीची जेवढी दखल घ्यावयास हवी होती तेवढी घेतली नाही, असे खेदाने म्हणावे लागते. पुढे ट्रॅकर अनेक भाषांत आला. आज त्यांची संख्या २४ सांगितली जाते. २०२५ पासून घरी न्यावयाच्या आहाराच्या वाटपासाठी लाभार्थ्याचा चेहरा कॅमेऱ्याने ओळखण्याची पद्धतही लागू झाली. म्हणजे कॅमेरा सेविकेच्या हाती आलेलाच आहे. उद्या त्याच कॅमेऱ्याने थाळीतील अन्न ओळखण्याची कल्पना कोणाला सुचली तर नवल वाटावयास नको. २४ भाषांतील भाषांतराने बटणांची नावे मराठी होतात. पदार्थांची नावे त्याने मिळत नाहीत, कारण ती मुळात इंग्रजीत नव्हतीच, मग भाषांतर कशाचे करणार? आणि येथे चुकीची किंमत शहरातील वजनदक्ष गृहस्थाला मोजावी लागत नाही. मुलाने कोणता आहार खाल्ला याची कागदोपत्री नोंद एक आणि वाटीतील वस्तू दुसरी, असे झाले, तर पुढील वजन-उंचीच्या तक्त्यात दिसणाऱ्या घटीचे कारण शोधणाराही चुकीच्या जागी शोधीत राहील.

मग काय करावे? ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्याच देशातील जुन्या आहारसर्वेक्षणांत आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१५ मध्ये बंद करण्यात आलेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण मंडळाच्या अन्वेषकांची चोवीस तासांच्या आहाराची विचारणा पाहण्यासारखी होती. अन्वेषक घरी जाई. स्वयंपाक करणारीला विचारून कोणते कच्चे जिन्नस किती घेतले ते लिही. शिजून एकूण किती झाले ते ठराविक मापाच्या वाट्यांनी अजमावी. मग प्रत्येकाने त्यातील किती वाट्या खाल्ल्या ते विचारी. ह्या प्रमाणावरून व्यक्तीच्या वाट्याला आलेले कच्चे धान्य निघे आणि कच्च्या पदार्थांचे कोष्टक तेथे बरोबर लागू पडे. ही पद्धत संथ व खर्चाची होती, आठवणीवर विसंबणारी होती. पण तिने माहिती जेथे असते तेथून, म्हणजे रांधणारीच्या तोंडून, घेतली. छायाचित्र आठवणीची उणीव भरून काढू शकते. त्याला नाव देण्याचे काम सोपवू नये.

उरलेले अर्धे उत्तर बोलीसर्वेक्षणाने द्यावे. झिल्येरों यांच्या फ्रेंच बोलींच्या नकाशासंग्रहासाठी (१९०२–१९१०) एदमों यांनी ६३९ ठिकाणी जाऊन प्रश्नावली विचारली, तेव्हापासून बोलीविज्ञानाचा एक साधा नियम आहे: नाव भाषकाने सांगावयाचे, अन्वेषकाने सुचवावयाचे नाही. आपल्याकडे डॉ. अ. मा. घाटगे यांच्या १९६३ पासून प्रसिद्ध झालेल्या मराठी बोलींच्या पाहणीतही भाषकाच्या तोंडचे रूप हेच प्रमाण मानलेले आहे. चित्र दाखवून 'याला तुम्ही काय म्हणता?' असे विचारणारा अन्वेषक आणि चित्र पाहून 'ही अमुक आहे' असे सांगणारे यंत्र, यांच्या भूमिका नेमक्या उलट आहेत. आमच्या मते ही उलट झालेली भूमिका पुन्हा सरळ करणे हाच रचनेतील पहिला बदल असावा. छायाचित्र घेतल्यावर यंत्राने नाव सुचवू नये, प्रथम विचारावे. सूचना एकदा पडद्यावर आली की थकलेला मनुष्य तिला होकार देतो, आणि मग होकार हाच पुरावा म्हणून संग्रहात जमा होतो. नाव सांगितले गेल्यानंतर यंत्राने दोन-तीनच प्रश्न विचारावेत, तेही त्या पदार्थापुरते: भाकरी असेल तर पीठ कशाचे, पोळी असेल तर गहू कोठला, बेसन असेल तर पातळ की घट्ट, भाजी असेल तर घरात एकूण तेल किती दिवस पुरते. हा शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण 'फोडणीला किती तेल घातले' यापेक्षा त्याचे उत्तर अधिक विश्वसनीय येते, कारण तेलाची पिशवी विकत आणलेली असते आणि तिचा हिशेब घरात असतो.

ह्या पद्धतीने तालुकावार नामकोश तयार होईल, आणि त्यात एका पदार्थाला अनेक नावे व एका नावाखाली अनेक पदार्थ अशी दोन्ही नाती जशीच्या तशी ठेवावी लागतील. प्रमाण नाव कोणते ते ठरविण्याची घाई करू नये. कोष्टकाशी जोडणी पडद्यामागे व्हावी, ताटापुढे बसलेल्याला ती दिसण्याचे कारण नाही. असा नामकोश आमच्यासारख्या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थी दोन हंगामांत जमवू शकतील. हंगाम दोन हवेत, कारण अंबाडीची भाजी, आमरस, हुरडा यांची नावे त्या त्या ऋतूखेरीज तोंडी येत नाहीत.

एक अडचण मात्र राहते आणि ती उच्चाराची आहे. टंकित करण्याचा जाच टाळावयाचा तर नाव बोलून सांगावे लागेल, आणि वाणी ओळखणारी यंत्रे बहुधा प्रमाण उच्चारावर शिकविलेली असतात. वऱ्हाडीत 'ळ'च्या ठिकाणी 'य' येतो. 'पोळी' ही 'पोयी' होते, 'केळे' हे 'केयं' होते. पदार्थांच्या नावांत 'ळ' किती आहे हे कोणत्याही ताटाकडे पाहून मोजता येईल: पोळी, डाळ, पिठले नव्हे पण गोळे, कळणा, आंबील नव्हे पण जिलबीशेजारची केळी. तेव्हा नामकोशातील प्रत्येक नोंदीबरोबर निदान तीन वेगवेगळ्या वयांच्या भाषकांचा ध्वनिमुद्रित उच्चार जोडलेला असणे आवश्यक आहे, आणि त्यांपैकी एक तरी उच्चार शाळेत न गेलेल्या वृद्ध स्त्रीचा असावा.